शोक आणि सूत

गेल्या दिवाळीत आमच्या घरावर आकाशकंदील लागला नव्हता. श्रावणात माझा धाकटा भाऊ गेला. वर्षाचा सण करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. चकलीचा सोऱ्या माळ्यावर राहिला आणि अंगणात शेणसडा पडला तरी त्यावर रांगोळीची रेघ उमटली नाही. शेजारपाजारच्या बायका झाकलेली ताटे घेऊन येत, ओट्यावर ठेवत, दोन शब्द बोलत आणि निघून जात. दुःखाच्या घरी फराळ पोचवण्याची ही पद्धत कोणी सुरू केली असेल तो मनुष्य मोठा जाणता असला पाहिजे. कारण त्या दिवसांत घरातल्या माणसाला भूक लागते, पण तळणाचा वास सहन होत नाही.

त्या सबंध दिवाळीत माझी आई मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून वाती वळत होती. मांडीवर सुपातला कापूस, शेजारी वाटीत चिमूटभर राख. कापसाची पेड ओढायची, बोटांना राख लावायची, तळव्यावर तळवा फिरवायचा आणि तयार झालेली वात ओळीत मांडायची. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची. दिवा लावायचा नाही आणि ही वाती वळते आहे! मला त्याचा राग आला. खरे सांगायचे तर ती रडत नव्हती, याचाच मला राग आला होता. चौथ्या दिवशी मी म्हणालो, “आई, पुरे कर आता. कोणाला लागणार आहेत एवढ्या वाती?”

तिने मान वर केली नाही. म्हणाली, “हात रिकामे ठेवले की ते त्याचं ताट वाढायला जातात रे.”

मी गप्प बसलो. आदल्याच आठवड्यात तिने चार पानांऐवजी पाच पाने मांडली होती आणि पाचवे कोणी उचलायचे म्हणून आम्ही सारे ताटावर खोळंबून बसलो होतो, ते मला आठवले.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात हे रडगाणे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मला सांगायची आहे ती घरची कथा नव्हे, इतिहासातली एक गोष्ट आहे. घरची हकिकत तिच्यामागे चुकत नाही म्हणून आधी सांगून टाकली, एवढेच.

त्यानंतरच्या थंडीत शाळेची सहल पुण्याला गेली. शनिवारवाडा पाहून झाला, पर्वती चढून झाली, आणि शेवटी आम्ही नगर रस्त्यावरच्या आगाखान महालात शिरलो. मुले दमली होती. महालाच्या मागच्या बाजूला झाडीत दोन समाध्या आहेत, एक महादेवभाई देसाई यांची आणि दुसरी कस्तुरबांची. मी पाठ असलेली माहिती सांगितली. तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, बा गेल्या तेव्हा बापू रडले का हो?”

“रडले असतील रे, माणूसच ते,” असे म्हणून मी पुढे चालू लागलो. ते उत्तर नव्हते. प्रश्न टाळण्याची ती मास्तरी युक्ती होती. घरी आल्यावर मला चैन पडेना. मी पुस्तके काढली. तुरुंगात गांधीजींबरोबर असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांची ‘बापू की कारावास-कहानी’ वाचली. मी शोधत होतो डोळ्यांतले पाणी. मला सापडले ते हात.

आगाखान महाल १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधला. दुष्काळाने पोळलेल्या लोकांना काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात. पन्नास वर्षांनी त्या महालाचा तुरुंग झाला. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. त्यांच्याबरोबर महादेवभाई, मीराबेन आणि सरोजिनी नायडू होत्या. गाडीने चिंचवडपर्यंत आणून तेथून त्यांना या महालात ठेवण्यात आले. शिवाजी पार्कच्या सभेत बोलायला निघालेल्या कस्तुरबांनाही त्याच दिवशी पकडले आणि दोनएक दिवसांनी येथे आणले.

महादेवभाई १९१७ पासून गांधीजींजवळ होते. चिटणीस म्हणा, मुलगा म्हणा, रोजनिशीकार म्हणा, सारे काही तेच. १५ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी, अटकेला आठवडाही झाला नव्हता तोच, ते एकाएकी कोसळले. हृदय बंद पडले. वय पन्नास. गांधीजी धावत आले आणि “महादेव, महादेव” अशा हाका मारू लागले. त्याने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिले असते तर तो उठला असता, माझा शब्द त्याने कधी मोडला नाही, असे ते पुढे म्हणाले. बहात्तर वर्षांचा, गीता जगलेला हा पुरुष. मृत्यू म्हणजे काय हे त्याने हजारो लोकांना समजावून सांगितले होते. आणि तोच मेलेल्या माणसाला हाका मारीत उभा होता. शोक ज्ञानाला विचारून येत नाही, हेच खरे.

पण त्यानंतर गांधीजींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी महादेवभाईंच्या देहाला स्वतःच्या हातांनी स्नान घातले. अंग पुसले, चंदन लावले. सरकार देह बाहेर जाऊ देईना, तेव्हा महालाच्या आवारातच चिता रचली आणि तिला अग्नीही गांधीजींनीच दिला.

आपल्याकडे प्रेताला आंघोळ घालण्याची रीत इतकी जुनी आहे की तिचा अर्थ आपण विचारीत नाही. माझ्या भावाला आंघोळ घालताना माझा हात त्याच्या खांद्यावरच्या जुन्या व्रणावरून गेला. लहानपणी आम्ही दोघे आंब्यावरून पडलो होतो, त्याचा तो व्रण. ‘तो गेला’ हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला कळले नव्हते. ते माझ्या हाताला कळले, त्या गार खांद्यावर. डोक्याच्या आधी ते हाताला कळावे, म्हणून तर जुन्या लोकांनी ही रीत घातली नसेल ना?

दुसऱ्या दिवसापासून एक क्रम सुरू झाला. गांधीजी रोज चालत त्या दहनभूमीपाशी जात. फुले वाहत, गीतेचा बारावा अध्याय म्हणत आणि परत येत. कस्तुरबाही जात. ब्राह्मणाचा जीव येथे गेला, हा अपशकुन झाला, ही टोचणी त्या भाबड्या मनाला लागून राहिली होती. महादेवाची समाधी म्हणजे त्यांना शंकराचे देऊळच झाले. महालातून बाहेर पडायला बंदी, भेटीगाठींना बंदी. उरली होती ती एवढीच वाट, झाडांखालची, शे-दोनशे पावलांची.

मला या वाटेचे मोठे नवल वाटते. शोक विसरायचा तर माणूस त्या जागेकडे पाठ फिरवील. येथे तर पावले रोज त्याच जागी जात होती. पण तेथे जाऊन ती थांबत नव्हती, परत येत होती. जाणे आणि येणे, दोन्ही ठरलेले. दुःखाला भेटण्याची वेळ नेमून दिली की ते दिवसभर दारात धरणे देऊन बसत नाही, असे मी अनुभवाने म्हणतो.

दुसरा क्रम होता सूतकताईचा. गांधीजी ज्या पेटीचरख्यावर कातीत, त्याला ‘येरवडा चक्र’ असेच नाव आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात असताना घडी घालून हातात नेता येईल असा हा चरखा त्यांनी सिद्ध केला. म्हणजे या महालापासून हाकेच्या अंतरावरच म्हणा ना! आमच्या पिढीने चरखा पाहिला तो चित्रांत आणि दोन ऑक्टोबरच्या कार्यक्रमात, म्हणून त्याची रीत थोडी सांगतो. उजव्या हाताने चाक फिरवायचे. डाव्या हातात पेळू धरून तो चात्यापासून सावकाश मागे ओढायचा. चाक जोरात फिरले तर पीळ जास्त बसतो आणि धागा तुटतो. हात घाईने ओढला तर धागा पातळ होऊन तुटतो. तुटला की सांधायचा आणि पुढे चालायचे. चार फुटांची एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. किती झाले ते मोजून ठेवायचे.

सूत हे गांधीजींच्या दृष्टीने दरिद्रीनारायणाची पूजा होती, स्वराज्याचे साधन होते. शोकावरचा उतारा म्हणून त्यांनी चरखा हाती धरलेला नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर इतिहासावर आपल्या मनचे काही लादल्यासारखे होईल. पण वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेले हे काम दुःखाच्या दिवसांत हाताशी होते आणि ते सुटले नाही, ही गोष्टही तितकीच खरी. शोकाला माप नसते. तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते कळत नाही. सुताला माप असते. एकशेसाठ तारा म्हणजे एकशेसाठच. ज्या दिवशी माणसाकडून दुसरे काहीही पुरे होत नाही, त्या दिवशी एवढी एक गोष्ट पुरी होते. आईच्या शंभर वातींच्या जुडीचा अर्थ मला येथे लागला.

१९४३ चा एकवीस दिवसांचा उपवास झाला. कस्तुरबांची प्रकृती ढासळत चालली. त्या दिवसांत गांधीजी पंचाहत्तरीकडे झुकलेल्या आपल्या बायकोला भूगोल शिकवीत. आम्हा मास्तर लोकांना या गोष्टीचे फार अप्रूप! बांना कॅरमचाही नाद होता. पण हृदय थकले होते, आणि त्यात फुप्फुसांचा दाह सुरू झाला. देवदासभाईंनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन आणवले. त्या काळी ते औषध नवे आणि दुर्मिळ होते. ते दर काही तासांनी सुईने टोचायचे असते हे कळल्यावर गांधीजी म्हणाले, आता तिला त्रास देऊ नका. देवदासभाईंनी ते मानले. २२ फेब्रुवारी १९४४ च्या संध्याकाळी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पतीच्या मांडीवर डोके ठेवून बा गेल्या.

टोचले असते तर? हा प्रश्न त्यानंतर अनेकांनी विचारला आणि आजही विचारला जातो. त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण ‘असते तर’ नाही असा मृत्यू मी पाहिलेला नाही. आम्ही भावाला तालुक्याला नेले. थेट साताऱ्याला नेले असते तर? आई हा प्रश्न कधी तोंडाने विचारीत नाही. रात्री तिचे कूस बदलणे मला भिंतीपलीकडून ऐकू येई आणि ती हाच प्रश्न विचारते आहे हे कळे. त्याला उत्तर नसते. त्याला शरीराचा थोडा विसावा तेवढा देता येतो.

गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची एक साडी होती. अखेरच्या प्रवासाला आपल्या अंगावर तीच असावी अशी बांची इच्छा होती. तीच साडी त्यांना नेसवली. महादेवभाईंच्या शेजारीच चिता पेटली. अग्नी देवदासभाईंनी दिला. चिता शमेपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत. विश्रांती घ्या म्हणून लोक विनवू लागले, तेव्हा बासष्ट वर्षांच्या सोबतीचा हा शेवटचा निरोप, तो अर्ध्यावर कसा टाकू, अशा अर्थाचे ते बोलले. पुढे व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, बा यातनांतून सुटली हे बरे झाले, तरी मला वाटले होते त्याहून हा वियोग अधिक जाणवतो आहे.

इतकी वर्षे नेमाने चालणारा, कातणारा, प्रार्थना करणारा हा माणूस. तरीही ‘वाटले होते त्याहून अधिक’. तेव्हा चालण्याने, कातण्याने दुःख जाते असे कोणी सांगेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. थोड्याच दिवसांत गांधीजी हिवतापाने आजारी पडले. ६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. जाताना त्यांनी सरकारला लिहिले की, ही दहनभूमी पवित्र जागा म्हणून राखावी आणि माणसांना तेथे येऊ द्यावे. पुढे १९६९ साली चौथ्या आगाखानांनी हा महाल राष्ट्राला अर्पण केला. म्हणून तर माझ्या शाळेतला एक पोरगा तेथे उभा राहून प्रश्न विचारू शकला.

मग मला दिसू लागले की ही वाट गांधीजींची एकट्याची नाही. आपल्या मुलखात ती फार जुनी आहे. शके १२१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, दिवाळी होऊन थोडेच दिवस लोटले असता, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले. पुढच्या वर्षी तापीकाठी मुक्ताबाई गेली. वर्षाच्या आत निवृत्तिनाथांची तिन्ही धाकटी भावंडे गेली. या थोरल्या भावाने काय केले? परंपरा सांगते की तो चालत राहिला. आळंदीहून सासवड, तेथून तापीचा काठ आणि शेवटी त्र्यंबकेश्वर. ज्याने ज्ञानेश्वराला ज्ञान दिले, त्यालाही आपला शोक पायांवर वाहून न्यावा लागला.

आणि जाते? पहाटे जात्याशी बसलेली बाई एका हाताने खुंटा फिरवी आणि दुसऱ्याने मूठमूठ दाणे वैरी. जात्याच्या घरघरीत तिचे तोंड उघडे. एरवी ज्या सासुरवाशिणीला चारचौघांत हुंदका देण्याची चोरी, ती तेथे मेलेल्या आईचे, गेलेल्या लेकराचे नाव घेऊन गाई. अंग पुढेमागे झुलते आहे, श्वास त्या झोक्याला बांधला गेला आहे आणि शब्द त्या श्वासावर येताहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीने, अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे रडे आपल्या बायकांनी दळणात घालून, पीठ करून, घराला भाकरी वाढली! गिरणी आली, कष्ट वाचले, ते फार बरे झाले. जाते परत यावे असे कोणी दळलेली बाई म्हणणार नाही. पण ती रडण्याची जागाही गिरणीबरोबर गेली, एवढे खरे.

जे हे बायकांना जात्यावर कळले होते ते योग्यांनी ग्रंथात लिहून ठेवले. हठप्रदीपिकेत शवासनाविषयी सांगितले आहे की ते थकवा घालवते आणि चित्ताला विश्रांती देते. प्रेतासारखे पडून राहायचे, आणि त्यातून जिवंत माणसाने विसावा घ्यायचा! १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने, प्राणायाम यांचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. १९२७ च्या आजारपणात गांधीजींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

आणि शोक हा केवळ मनाचा व्यापार नाही, हे आता डॉक्टरही सांगतात. १९९० साली जपानी डॉक्टरांनी हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या मानसिक आघातानंतर हृदयाचा डावा कप्पा एखाद्या मडक्यासारखा फुगतो आणि त्याचे आकुंचन मंदावते. जपानी कोळी अष्टपाद पकडायला ज्या आकाराचे मडके वापरतात, त्याचेच ‘ताकोत्सुबो’ हे नाव त्या विकाराला मिळाले. ‘काळीज फाटले’ असे आपल्या बाया म्हणत, तो नुसता अलंकार नव्हता. म्हणून शोकाच्या घरी कोणाच्या छातीत दुखू लागले, दम लागू लागला, तर ‘दुःखाने होते’ म्हणून थांबू नये, दवाखाना गाठावा. कोणी जेवणखाण सोडले, जगण्याचीच इच्छा सोडली, तर त्याच्या हाती टाळ-चरखा देऊन भागणार नाही. त्याला डॉक्टरकडे न्यावे. हे मी पोळलेल्या जिभेने सांगतो आहे.

पण उरलेल्या आपणा साऱ्यांसाठी सांगायचे तर, दुःखी माणसाला शहाणपण सांगायला जाऊ नका. त्याच्याबरोबर चार पावले चाला. त्याच्या पायांना तेल लावा. शेंगा सोलायच्या असतील तर त्याच्यापुढे सूप ठेवा आणि आपणही बसा. बोलायचे तर तो बोलेल, नाहीतर शेंगा तरी सोलून होतील.

सहलीहून परतल्यावर एका रविवारी मी आईसमोर बसलो आणि सुपातला कापूस घेतला. माझी पहिली वात गांडुळासारखी झाली. आई कित्येक महिन्यांत प्रथमच हसली. म्हणाली, “मास्तर, छडी धरायचे हात तुमचे. हलके धरा.” मी हलके धरले. विसाव्या वातीपर्यंत आम्ही बोललो नाही. मग ती एकदम म्हणाली, “थेट साताऱ्याला न्यायला हवं होतं का रे?” मी म्हणालो, “माहीत नाही गं.” तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले, ते कापसावर पडले आणि तिने तो ओला कापूस बाजूला ठेवून दुसरा घेतला. श्रावणापासून ती माझ्यासमोर रडली ती त्या दिवशी.

त्या मुलाला आता मी काय उत्तर देईन? म्हणेन, “बाळ, बापू रडले की नाही यापेक्षा, त्यानंतर ते रोज तेथे चालत गेले, हे लक्षात ठेव.”

वर्षश्राद्ध झाले. यंदा आमच्या घरावर कंदील लागेल. आईच्या वातींच्या जुड्या दोन डबे भरून झाल्या आहेत. काही त्रिपुरी पौर्णिमेला देवळात द्यायच्या ठरल्या आहेत. बाकीच्या तिने गल्लीत वाटायला काढल्या. गेल्या वर्षी ज्यांनी झाकलेली ताटे आणली, त्या प्रत्येक घरी एकेक जुडी. आणि पलीकडच्या आळीत यंदा एका घरी कंदील नाही. तेथे फराळाचे ताट घेऊन ती स्वतः जाणार आहे. ताटावर झाकण घालून तिने त्याच्या शेजारी थोडा कापूस ठेवला आहे, न वळलेला.